पोशीरच्या खाचरातली निवडक इंग्रजी गाणी

एका कॅसेटमध्ये फीत किती असते, हे मला ठाऊक आहे. भाताच्या एका बऱ्यापैकी खाचराला ती चारी बाजूंनी पुरते आणि वर शेजाऱ्याला द्यायला थोडी उरते. ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. ती मिळवताना सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी मोडत आणलं होतं, आणि ते मात्र आमच्या घरात अजून कोणी विसरायला तयार नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. आम्ही कर्जतला राहायचो. माझे वडील, म्हणजे अण्णा, शाळामास्तर. घराणं मूळचं पोशीरचं, भातशेतीवालं. धाकटे दामूकाका शेतीवर राहिले आणि अण्णा शिकून कर्जतला आले, ते शुद्ध बोलायला लागले. आई मात्र पोशीरहून आली ती पोशीरचंच बोलत राहिली. त्यामुळे आमच्याकडे 'आहे' आणि 'हाय' एकाच पंगतीला जेवायचे. मी चोवीस वर्षांचा, एका सरकारी कचेरीत कारकून. बहीण कुंदा माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि अकलेने दहा वर्षांनी मोठी (हे तिचं मत. पुढचं वाचून तुमचंही होईल).

त्या वर्षी पितृपक्ष उलटल्यावर कुंदाला पाहायला खोपोलीहून अविनाश नावाचा मुलगा आला. तिथल्या कारखान्यात सुपरवायझर होता. सोबत त्याचे वडील. चहा झाला, चकल्या झाल्या, 'रस्ता आता बरा झालाय' हेही दोनदा बोलून झालं. शेवटी बिचाऱ्या अविनाशने धीर करून कुंदाकडे बघत विचारलं, "गाणी वगैरे ऐकता का?"

त्याने विचारलं कुंदाला. उत्तर दिलं मी!

"ऐकतो की! इंग्लिश! मला तर इंग्लिशशिवाय चालतच नाही!"

आता वस्तुस्थिती सांगतो. चारच महिन्यांपूर्वी मी टेपरेकॉर्डर घेतला होता आणि आमच्या घरात एकूण कॅसेटी तीन. दोन आईच्या भजनांच्या. तिसरी मशिनबरोबर फुकट आलेली. तीत एक माणूस इंग्रजीतून एक ते दहा आकडे म्हणायचा, मशीन नीट चालतंय का ते बघायला. माझं इंग्लिश संगीत म्हणाल तर ते एवढंच! कुंदाने मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजली.

अविनाश मात्र एकदम उठला. "थांबा हं, आलोच," म्हणून बाहेर स्कूटरकडे गेला आणि डिकीतून एक कॅसेट घेऊन आला.

"ही ऐका. फार जुना, नावाजलेला बँड आहे. त्यांच्या पंधरा वर्षांतली निवडक गाणी एकत्र केलीयत यात. मी येतो पुढच्या रविवारी, घेऊन जायला."

त्याचे वडील म्हणाले, "अरे, मग राहू दे की त्यांच्याकडे. परत कशाला न्यायची?"

"नाही नाही, मी येतो ना न्यायला!" अविनाश म्हणाला आणि का कोण जाणे, लाल झाला.

आमच्याकडची रीत अशी, की मुलगी पाहून झाल्यावर निरोप येईपर्यंत मुलाने त्या घराची पायरी चढायची नाही आणि मुलीकडच्यांनी 'काय ठरलं?' म्हणून विचारायचं नाही. दोन्हीकडचे आपापल्या घरी कळ काढत बसतात. "पत्राने कळवतो," म्हणून त्याचे वडील उठले. ही रीत मला पूर्ण ठाऊक होती. तिचा आणि कॅसेटचा काही संबंध असू शकतो, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मुलाने एवढ्या विश्वासाने वस्तू दिलीय. ती जपली, तर बहिणीचं लग्न ठरेल. वस्तूला काही झालं, तर ठरणार नाही!

कॅसेटवर पाच जणांचा फोटो होता. पाचही जणांचे केस कमरेपर्यंत. बँडचं नाव मी सांगत नाही, कारण ते मला आजही नीट म्हणता येत नाही. आईने फोटो बराच वेळ निरखला.

"केस किती राखलेत बघ. कंचं तेल लावत असतील रं?"

"आई, तू बाजूला हो. हे निवडक आहे."

मी कॅसेट घातली, बटण दाबलं. दोन क्षण काहीच नाही. मग एकदम घर्रर्रर्र! गिरणीत भाताबरोबर खिळा गेल्यावर जसा आवाज होतो, तसा. त्या घरघरीतून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होता. मी झडप घालून मशीन बंद केलं.

"यंत्र बिघडलं," अण्णा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले.

"तुजा हात लागला की व्हायचंच," आई म्हणाली.

आम्हाला या बाबतीत अनुभव होता. श्रावणात आईची भजनाची कॅसेट अशीच अडकली होती. तेव्हा बुवा आधी घरघरले, मग रडल्यासारखे गायला लागले आणि शेवटी फीत बाहेर आली. हा आवाज हुबेहूब तोच! मी आईचं भजन लावून पाहिलं. स्वच्छ. म्हणजे मशीन ठीक होतं. बिघडली होती ती कॅसेट.

दुसरं गाणं लावलं. तेही घरघरलं. तिसरं मात्र काय सांगू, अगदी गोड! हळू आवाजात, सतारीसारखं काहीतरी वाजतंय आणि गाणारा इतका कळवळून गातोय की आईसुद्धा भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "बिचाऱ्याचं कोन गेलं असंल." आणि तेवढ्यात, ऐन रंगात आलेलं असताना, घर्रर्रर्र!

झालं. माझी खात्रीच पटली. सगळी गाणी मुळात त्या तिसऱ्यासारखी गोड होती आणि ती आपण नासवली.

"दादा," कुंदा म्हणाली, "ती मुळातच तशी असतील."

"मुळातच? अगं, पंधरा वर्षांतलं निवडक आहे हे! निवडून निवडून हे निवडतील का?"

कुंदा नुसती हसली. त्या आठवड्यात ती उगाचच हसायची. अविनाश तिला आवडला होता. ती बोलली नव्हती, पण स्वयंपाकघरात गुणगुणत होती आणि आमटीत दोनदा मीठ पडलं होतं.

मी कापसाच्या बोळ्याने मशीन आतून पुसलं. कॅसेट हातावर आपटली. पेन्सिल घालून फीत पुढे-मागे केली. घरघर वाढलीच (असं मला वाटलं). सोमवारी अर्धी रजा टाकली आणि एस.टी.ने चौक गाठलं.

चौकला हायवेला लागून गजाचं दुकान होतं. रेडिओ, टेप, पंखे, पाण्याचे पंप, सगळं तो दुरुस्त करायचा. डाव्या हाताला गॅरेज, उजव्या हाताला धाबा. गजाने कॅसेट लावली आणि डोळे मिटून ऐकली. गॅरेजचा मिस्त्री हात पुसत येऊन उभा राहिला. एक ट्रकवाला ताट घेऊनच आला.

"बेअरिंग गेलंय," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, गाणं आहे हे," मी म्हणालो.

"असंल. पन बेअरिंग गेलंय."

ट्रकवाल्याने क्लचप्लेटवर संशय घेतला. गजाने दोघांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे डॉक्टरसारखं पाहिलं.

"फितीनं वल धरलीय. पावसाळ्याची. बाहेरून फारिनचा माल येतो ना, त्याला आपल्याकडची हवा सोसत नाय. सगळी फीत भायेर काढून वाऱ्यावर वाळवायला लागंल. उन्हात नको, जळंल. वाऱ्यावर. दोन दिस. मंग आना, मी भरून देतो."

त्याने चार स्क्रू काढले, फितीची गुंडाळी एका कागदी पिशवीत घातली आणि रिकामं खोकं माझ्या खिशात. म्हणजे येताना माझ्याकडे एक चालणारी कॅसेट होती आणि जाताना पावभर शेवया!

कर्जतच्या आमच्या दोन खोल्यांत एवढी फीत कुठे पसरणार? मंगळवारी सकाळीच मी पोशीर गाठलं. दामूकाका ओटीवर बसून विळ्याला धार लावत होते.

"काका, ही फीत दोन दिवस वाऱ्यावर पसरून ठेवायची आहे. पायाखाली येऊ देऊ नका."

काकांनी पिशवीत डोकावलं. "लांब किती हाय?"

"बरीच असेल."

"आंगनात नाय मावायची रं."

"मग जिथं मावेल तिथं लावा," मी म्हणालो आणि कचेरीची वेळ झाली म्हणून तसाच निघालो. माझ्या आयुष्यातली काही वाक्यं मला परत घ्यायची आहेत. त्यांत हे पहिलं.

शनिवारी फीत आणायची, असं मी ठरवलं होतं. साहेबांनी नेमकं शनिवारी काम काढलं. मग पोशीरहून येणाऱ्या दूधवाल्याबरोबर निरोप धाडला. त्याने काकांचं उत्तर आणलं: "काम येकदम झ्याक चाललंय. इतक्यात काडू नको." वाचलो, असं मला वाटलं. म्हणजे वाळतेय चांगली!

पण रविवार उजाडला. मी सकाळपासून फाटकापाशी उभा. दहाच्या सुमारास स्कूटरचा आवाज आला. अविनाश! इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, भांग अगदी पट्टीने आखल्यासारखा. कॅसेट न्यायला इतकं नटून कोण येतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला. मी धावत पुढे जाऊन स्कूटरचं हँडलच धरलं.

"घरी कोणी नाही!"

"अं? कोणीच नाही?"

"अण्णा नाहीत. आई नाही."

"आणि..." तो घुटमळला. "कुंदा?"

"तीही नाही. पळसदरीला मावशीकडे गेलीय. चार-पाच दिवस तिथंच."

या वेळी कुंदा घरामागे, माझ्यापासून फार तर तीस पावलांवर, दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिचं गुणगुणणं मला ऐकू येत होतं. मी जोरजोरात खोकलो.

"बरं," अविनाश म्हणाला. "मग कॅसेट... ऐकली का?"

"ऐकतोय! रोज ऐकतोय! अजून मन भरत नाही. राहू दे की थोडे दिवस. आम्हाला काही घाई नाही!"

त्याचा चेहरा पडला. कॅसेट त्याला फारच प्रिय दिसतेय, असं मला वाटलं.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला.

"कोन होता रं?" आईने आतून विचारलं.

"पत्ता विचारत होता एक जण."

पुढच्या आठवड्यात मी काकांना पुन्हा निरोप धाडला. पुन्हा तेच उत्तर: "आजून राहूं दे." दुसऱ्या रविवारी मी फाटकापाशी थांबण्याचा धोका पत्करला नाही. थेट आळीच्या तोंडाशीच जाऊन उभा राहिलो. अविनाश आला. आज त्याचा शर्ट नवा होता.

"कुंदा आल्या का पळसदरीहून?"

"नाही. तिचा मुक्काम वाढला."

"ठीक आहेत ना?"

"ठणठणीत! हे बघा," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण त्याची मला खरोखर दया आली होती, "तुम्ही उगाच हेलपाटे घालू नका. तुम्ही येऊच नका. काय असेल ते आम्हीच कळवू."

त्याने स्कूटर वळवली. दोनदा किक मारली, तिसऱ्यांदा स्कूटर सुरू झाली, निघून गेला. मी शीळ घालत घरी आलो. (आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.)

गुरुवारी अविनाशच्या वडिलांचं कार्ड आलं. अण्णांनी मोठ्याने वाचलं. "'आपल्या चिरंजीवांच्या बोलण्यावरून या संबंधाबाबत आपला विचार नसल्याचे समजले. आम्ही अन्यत्र पाहत आहोत. चि. कुंदास अनेक आशीर्वाद.'"

अण्णांनी चष्मा काढला. "चिरंजीव, आपण काय बोललात?"

"मी? मी फक्त कॅसेटबद्दल बोललो!"

मग मला सगळं ओकावं लागलं: घरघर, चौक, गजा, पोशीर, दोन रविवार. पळसदरीचं तेवढं मी वगळलं. ऐकून घेणारे आधीच खूप दुखावले होते आणि आणखी त्रास द्यावा, असं मला वाटलं नाही.

"येऊच नका? असं म्हणालास?" अण्णा म्हणाले.

"आरं द्येवा!" आईने कपाळावर हात मारला.

कुंदा उठली. आत गेली. थोड्या वेळाने मी डोकावलो, तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. आवाज न करता. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ती माझ्यावर ओरडली असती, भांडं फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं.

अण्णा म्हणाले, आता मुलीकडच्यांनी मागे लागणं शोभत नाही. आई म्हणाली, शोभंल न शोभंल, पत्र धाडा. अण्णा म्हणाले, नाही. शुक्रवारभर घरात हेच चाललं होतं. शनिवारी सकाळी कुंदा तोंड धुऊन, वेणी घालून बाहेर आली.

"दादा, कॅसेट कुठंय?"

"पोशीरला. वाळत घातलीय."

"चल. ती घ्यायची, नीट करायची आणि खोपोलीला जाऊन परत द्यायची. मी येते बरोबर."

"तू? रीत..." अण्णांनी सुरुवात केली.

"अण्णा, दुसऱ्याची वस्तू परत करायला जायला कोणत्या रीतीची आडकाठी आहे?"

अण्णांनी एस.टी.चे पैसे काढून तिच्या हातात ठेवले.

पोशीरला पोचलो तर काका घरी नव्हते. शेतावर होते. आम्ही बांधाबांधाने गेलो. भात पिवळं होत आलं होतं, लोंब्या झुकल्या होत्या. लांबून पाहिलं, तर विहिरीजवळच्या खाचराभोवती काहीतरी चमचमत होतं. चारी बाजूंनी काठ्या रोवल्या होत्या आणि काठीकाठीला बांधलेली ती काळी-तांबूस फीत वाऱ्यावर लवलवत होती. पंधरा वर्षांतलं निवडक!

"काका! हे काय केलंत?"

"काय म्हंजे?" काका अभिमानाने म्हणाले. "जितं मावंल तितं लाव म्हनलास. हितं मावली. वाऱ्यावर म्हनलास. हितं लय वारा. आन बघ, येक चिमनी बसत नाय! पोपटांचा थवा येतो, वरच्या वर वळून जातो. आवाजच असा काडती ना, पाखरू म्हनतं, नको बाबा!"

मी कान दिला. वारा आला की फीत थरथरायची आणि तिच्यातून आवाज निघायचा. घर्रर्रर्र! अगदी तोच! आमच्या टेपवर निघत होता तोच, फक्त मशीनशिवाय. मी तिथंच बांधावर बसलो.

"दादा," कुंदा शांतपणे म्हणाली, "तुकडे आहेत हे."

तुकडे होते. काठी ते काठी मापाने, विळ्याने कापलेले. मोजले, सतरा भरले.

"सतराच? एवढीच होती?"

"थोडी गोमाला दिली," काका म्हणाले. "शेजारी हाय. त्याच्या खाचरात लय पाखरं."

गोमाच्या शेतातून दोन तुकडे आणायला अर्धा तास लागला, कारण गोमा ते सोडायला तयार नव्हता. वस्तू खोपोलीच्या माणसाची आहे म्हटल्यावर काकी तर भांडायलाच उठल्या. "कापनीपोतर राहूं दे की! दान्याचं नुकसान कोन भरून देनार? तो खोपोलीवाला?"

"काकी," कुंदा म्हणाली, "तो खोपोलीवाला तुमचा जावई होणार होता."

काकींनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि स्वतःच गाठी सोडायला लागल्या. चौघांनी मिळून फीत काढली, चिखल पुसला. गुंडाळायला काही नव्हतं. काकींनी घरातून लाटणं आणलं. कुंदाने एकेक तुकडा त्या लाटण्यावर गुंडाळला. कुठला आधी, कुठला नंतर, कुठली बाजू उलटी, कुठली सुलटी, ते त्या पाच केसवाल्यांनाच माहीत!

लाटणं घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. कंडक्टरने लाटण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटं कुंदाच्या हातात दिली.

चौकला गजाने तुकडे पाहिले आणि जरा वेळ टोपी काढून ठेवली. मग कामाला लागला. जोड चिकटवायला कुंदाने आपली नखांना लावायच्या रंगाची बाटली दिली. गजा जोडायचा, ती फुंकर घालायची. दोन तासांनी कॅसेट भरून झाली. लावून पाहिली. पहिलं गाणं अर्ध्यातून सुरू झालं आणि तिसऱ्यात शिरलं. मग गायक मध्येच उलटा गायला लागला आणि परत सुलटा झाला. मधूनमधून भाताचं कुसळ अडकल्यासारखी खरखर. शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री मान डोलवत आला.

"आता बेअरिंग बराबर बसलं!"

"पयल्यापेक्षा लय सुदारलं," गजा म्हणाला. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

चारच्या सुमारास आम्ही खोपोलीत कारखान्याच्या फाटकासमोर होतो. भोंगा झाला, माणसं बाहेर पडायला लागली. कुंदा जरा मागे, एका झाडाखाली उभी राहिली. दिवसभर घाईने मला ओढत आणणाऱ्या त्या मुलीचं पाऊल आता पुढे पडेना. आता 'नाही' आलं, तर ते कायमचं, हे तिला कळत होतं. मलाही, उशिरा का होईना, कळायला लागलं होतं.

अविनाश आला. मला पाहून स्कूटर ढकलता ढकलता थबकला.

"तुमची कॅसेट," मी म्हणालो. "माफ करा. ती आधी बिघडली. मग मी वाळत घातली. मग काकांनी कापली. सतरा तुकडे आणि शेजाऱ्याकडचे दोन. आम्ही जोडलीय, पण गाणी जरा पुढेमागे झालीयत. आमच्या मनात काही नव्हतं हो! मी तुम्हाला येऊ नका म्हणालो, ते फक्त ही भरून यायची होती म्हणून!"

तो ऐकत नव्हता. माझ्या खांद्यावरून झाडाकडे बघत होता.

"त्या... कधी आल्या पळसदरीहून?"

"पळसदरी?" कुंदा झाडाखालून पुढे आली. "पळसदरीला कोण गेलं होतं? मी घरीच होते."

"दोन्ही रविवार?"

"दोन्ही रविवार."

मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. त्या दोघांनी एकमताने केलेली ही पहिली गोष्ट.

"हो," मी म्हणालो. "ते एक सांगायचं राहिलंच."

"मला वाटलं, तुम्हीच टाळताय," अविनाश कुंदाला म्हणाला. "बाबा म्हणत होते, आणखी दोन ठिकाणी बघू. मी म्हणालो, मला एकदा जाऊन तिला विचारू दे, तिच्या मनात आहे का. पण असं मध्येच तुमच्या घरी कसं येणार? काहीतरी निमित्त हवं होतं."

"म्हणजे कॅसेट..." मी म्हणालो.

"हो."

"तुम्हाला कॅसेट नकोच होती?"

"मामा बोटीवर आहे, त्याने आणून दिलेली. मला तर ती आवडतही नाही. सारखी घरघरते."

"म्हणजे घरघर... बिघाड नव्हता तो?"

"नाही हो. ते वाजवतातच तसं. त्यासाठीच नावाजलेत."

तीन आठवडे मी एका ठणठणीत कॅसेटवर औषधोपचार करत होतो. मी त्याच्या स्कूटरच्या सीटवर टेकलो. अविनाशला माझी कीव आली असावी.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "त्या दिवशी डिकीत दोनच वस्तू होत्या. एक कॅसेट आणि एक प्लग खोलायचा पाना. पाना कसा देणार, म्हणून कॅसेट दिली."

"पाना दिला नाहीत ते बरं केलंत," कुंदा म्हणाली. "दादाने तोही वाळत घातला असता!"

आणि ती हसली. गुरुवारपासून पहिल्यांदा. अविनाशही हसला, फाटकावरचा वॉचमनही हसला. मीही हसलो. मला रडू येत होतं, पण ते आनंदाचं होतं आणि तेवढ्यापुरतं कोणी मला काही विचारलं नाही.

मार्गशीर्षात लग्न झालं. घरच्या प्रत्येकाकडे काही ना काही काम होतं. मलाही अण्णांनी एक काम नेमून दिलं होतं: मांडवात एका खुर्चीवर बसायचं, उठायचं नाही आणि मुलाकडच्या कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. ते काम मी चोख केलं. लग्न निर्विघ्न पार पडलं, त्याचं सगळं श्रेय आमच्या घरात आजही मलाच देतात.